भिंत ओल धरते तेव्हा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी तीन आठवडे एक वजाचं चिन्ह शोधत होते. सी भाषेत लिहिलेला जेमतेम अडीचशे ओळींचा प्रोग्रॅम, लॅबमधला घरघरणारा कम्प्युटर, आणि रात्रभर चालवून सकाळी हाती येणारं उत्तर: एक तापमान. ते यायला हवं होतं २.२७ च्या आसपास. येत होतं दोनच्याही आत. मी सगळी चिन्हं तपासली, रँडम नंबर काढायची पद्धत बदलून पाहिली, कडेच्या घरांचे शेजारी नीट मोजले जातात की नाही ते वहीत चौकटी आखून बघितलं. चूक सापडेना. सापडणार कुठून, ती नव्हतीच.

हे आठवायला निमित्त यंदाच्या पावसाचं. आमच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीने जुलै संपता संपता ओल धरली. आधी कोपऱ्यात तळहाताएवढा गडद डाग, मग रंगाला फुगवटा, मग पोपडे. वॉटरप्रूफिंगचं काम करणारे काका आले, बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून बघितली आणि म्हणाले, "ताई, पाणी काय, पावसाळ्यात सगळीकडंच असतं. ही भिंत त्याला सोडत नाही, तो खरा प्रॉब्लेम." मग खर्चाचा आकडा सांगितला. आकडा ऐकून जे वाटायचं ते वाटलंच, पण त्याआधीचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं. जवळजवळ हेच मला आमच्या सरांनी प्रोजेक्टच्या चौथ्या आठवड्यात ऐकवलं होतं. फक्त तिथे पाणी नव्हतं, अधिक-उणे चिन्हं होती, आणि भिंती म्हणजे पट्टीच्या दोन कडांच्या ओळी.

पाण्याशी कोण कसं वागतं यासाठी मराठीत शब्दांची चैन आहे. कापड भिजतं, पापड सादळतो, मिठाला पाणी सुटतं, भिंत ओल धरते, आणि अळवाच्या पानावर पाणी ठरतच नाही. (मिठाचं कारण अगदी वेगळं आहे, त्याला इथून बाहेर ठेवू.) भौतिकशास्त्रात यातल्या बऱ्याच गोष्टींना एकच शब्द: वेटिंग. एखाद्या पृष्ठभागावर थेंब टाकला तर तो मोत्यासारखा बसेल, बशीसारखा पसरेल, की पार सपाट होऊन पातळ थर होईल? थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. अळवावर तो मोठा, काचेवर लहान. तो शून्यावर आला की थेंब उरतच नाही, पृष्ठभाग पूर्ण ओला होतो.

या कोनाचा हिशेब थॉमस यंगने १८०५ मध्ये मांडला. यंग पेशाने डॉक्टर. प्रकाशाच्या लहरी, इजिप्तची चित्रलिपी, सगळीकडे त्याने हात घातलेला. आज ज्याला यंगचं समीकरण म्हणतात ते त्याने समीकरण म्हणून लिहिलंच नव्हतं, वाक्यात सांगितलं होतं. मुद्दा रस्सीखेचीचा आहे. कोरड्या भिंतीची एक किंमत (किंमत म्हणजे इथे ऊर्जा), ओल्या भिंतीची एक किंमत, आणि पाणी व हवा यांच्यामधल्या सीमेची तिसरी. या तिघींची ओढाताण जिथे जुळते तिथे थेंबाची कड थांबते. कोरडं राहणं इतकं महाग पडलं की बाकीच्या दोन्ही किमती मोजूनही ओलं होणंच परवडतं, तर कड थांबतच नाही.

आता हीच गोष्ट अरुंद जागेत नेली की मजा सुरू होते. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८७१ मध्ये दाखवलं की वक्र पृष्ठभागाजवळ बाष्पाचं गणित बदलतं. पाण्याची आवड असलेल्या बारीक छिद्रात हवेतलं बाष्प दवबिंदूच्या कितीतरी आधी पाणी होऊन बसतं. आकडा काढायचा तर खोलीच्या तापमानाला ९० टक्के आर्द्रतेत सुमारे १० नॅनोमीटर त्रिज्येपर्यंतची छिद्रं अशी भरून जातात. आर्द्रता ५० टक्के असेल तर दीड नॅनोमीटरची. त्याच्या लेखात उदाहरणं आहेत ती सुती कापडाची, ओटच्या पिठाची आणि गव्हाच्या बिस्किटांची. स्कॉटलंडच्या दमट हवेत राहणारा माणूस, त्याच्या डब्यातली बिस्किटंही आपल्यासारखीच सादळत असणार. पुस्तकात ज्याला कॅपिलरी कंडेन्सेशन म्हणतात, त्यातला बराचसा भाग आपल्याकडे कुणीही गृहिणी 'डब्याचं झाकण नीट लावा रे' या पाच शब्दांत सांगते.

पण मी पाण्यावर काम करत नव्हते. खरं पाणी फार किचकट. माझ्याकडे होतं आयझिंग मॉडेल. आपण सगळे आयझिंगच म्हणतो. जर्मन उच्चार ईझिंग.

चौकटीचा कागद घ्या. प्रत्येक घरात एक तर अधिक लिहा, नाही तर उणे. शेजारशेजारची दोन घरं सारखी असतील तर ऊर्जा कमी, वेगळी असतील तर जास्त. बस्स, एवढंच मॉडेल. तापमान म्हणजे घरांना बसणारे हिसके. हिसके कमी असतील तर घरं शेजाऱ्याचं ऐकतात, जास्त असतील तर कुणीच कुणाचं ऐकत नाही. मुळात हे लोहचुंबकासाठी होतं, पण अधिक म्हणजे 'इथे रेणू आहे' आणि उणे म्हणजे 'इथे जागा रिकामी आहे' असं वाचलं की तोच कागद पाणी आणि वाफ होतो. १९५२ मध्ये ली आणि यांग यांनी हे भाषांतर नेटकं करून दिलं.

अर्न्स्ट ईझिंगला हे मॉडेल त्याच्या गुरूंनी, विल्हेल्म लेन्झ यांनी, हॅम्बुर्गमध्ये पीएच.डी.साठी दिलं. त्याने ते एका रेषेत, एकामागे एक घरं मांडून सोडवलं, आणि उत्तर आलं: कुठल्याही तापमानाला, शून्य सोडून, चुंबक बनत नाही. ते बरोबर होतं. मग त्याने तर्क केला की दोन-तीन मितींतही असंच होणार. ते चूक होतं. १९२५ मध्ये लेख छापून आला आणि तो पुढे शिक्षकी पेशात गेला. ज्यू होता, हिटलर सत्तेवर आल्यावर नोकरी गेली, १९३९ मध्ये तो लक्झेंबर्गला निसटला. १० मे १९४०, त्याचा चाळिसावा वाढदिवस, त्याच दिवशी जर्मन सैन्य लक्झेंबर्गमध्ये शिरलं. युद्धाच्या काळात त्याने मेंढ्या राखल्या, रेल्वेचे रूळ उखडायची कामं केली. दरम्यान १९३६ मध्ये पायर्ल्सने दाखवलं होतं की दोन मितींत चुंबक बनतं, आणि १९४४ मध्ये लार्स ऑनसागरने नेमकं तापमान काढलं: मॉडेलच्या एककात २.२६९. आपलं नाव एका मोठ्या विषयाला चिकटलंय हे ईझिंगला कळलं ते १९४७ मध्ये अमेरिकेत पोहोचल्यानंतर. तिथे तो इलिनॉयमधल्या ब्रॅडली विद्यापीठात शिकवत राहिला आणि १९९८ मध्ये, ९८ व्या वर्षी गेला. एवढ्या वर्षांत त्या मॉडेलवर तो पुन्हा फारसा गेला नाही. मला हे का कोण जाणे फार आवडतं.

तर २.२६९. त्याच्या खाली कागदाला दोन सारख्याच मान्य अवस्था असतात: बहुतेक घरं अधिक, किंवा बहुतेक घरं उणे. दोन्हींची किंमत तंतोतंत सारखी. याला फेजचं, म्हणजे अवस्थांचं, सहअस्तित्व म्हणतात. त्याच्या वर सगळा काला. सहअस्तित्व म्हणजे दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसणं, असं आपल्याला वाटतं. नेमका अर्थ त्याहून वेगळा आहे: व्यवस्थेपुढे दोन वेगळ्या, स्थिर निवडी असणं. हा फरक मला तेव्हा कुणी ठासून सांगितला असता तर माझे तीन आठवडे वाचले असते.

माझ्या प्रोजेक्टमध्ये मोठा कागद नव्हता, लांब पट्टी होती. रुंदी १६ घरं, मग ३२, मग ६४. लांबी भरपूर. वरच्या कडेच्या भिंतीला अधिक आवडायचं, खालच्या कडेच्या भिंतीला उणे. दोघींची आवड सारख्याच जोराची, फक्त चिन्ह उलटं. वरची हो म्हणाली की खालची नाही म्हणणार. त्यामुळे एकूण पट्टीला कुणाचाच पक्षपात नव्हता, आणि माझी समजूत अशी की अरुंदपणामुळे उत्तर २.२६९ पासून थोडं घसरेल, पट्टी रुंद करत गेलं की हळूहळू मूळ जागी येईल. पाठ्यपुस्तकातलं सगळं असंच वागतं. दोन्ही भिंतींना एकच गोष्ट आवडते, म्हणजे केल्विनची बिस्किटं, तिथेही असंच: समतोल सरकतो, पण सरकण्याचं माप रुंदीच्या व्यस्त प्रमाणात. भिंती लांब नेल्या की भिंतींचा परिणाम संपला.

माझा आलेख मात्र २.२७ कडे जायलाच तयार नव्हता. १६ घरांच्या पट्टीचं ठीक होतं, ती अरुंदच. पण ३२ ला नाही, ६४ लाही नाही. उलट ठिपके दुसऱ्याच कुठल्यातरी आकड्याकडे ओढल्यासारखे दिसत होते. चौथ्या आठवड्यात मी प्रिंटआउटचा गठ्ठा घेऊन सरांकडे गेले, आणि 'सर, बग सापडत नाहीये' एवढंच म्हणाले.

सरांनी आलेख बघितलाच नाही. म्हणाले, "अगं, आधी सांग, भिंती किती जोराच्या लावल्यास?"

"शेजाऱ्याच्या ओढीच्या निम्म्या."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एक ओळीचं सूत्र लिहून दिलं आणि सांगितलं की तापमान काढून आण. डग्लस अब्राहम यांचं सूत्र, १९८० सालचं. दोन मितींच्या आयझिंग मॉडेलमध्ये भिंत पूर्ण 'ओली' कधी होते, याचं नेमकं उत्तर. कॅन्टीनमध्ये बसून कॅल्क्युलेटरवर चार-पाच वेळा आकडे घालून बघितले. १.९६. माझे ठिपके जिकडे जात होते तिथेच.

परत गेले तेव्हा सर म्हणाले, "तू पट्टीला विचारतेयस की तुझं तापमान काय. पट्टीला काय माहीत? भिंत सोडते का धरते, ते भिंतीला विचार."

मग त्यांनी समजावलं ते असं. गार पट्टीत अधिकांचा प्रदेश आणि उण्यांचा प्रदेश यांच्यामधली सीमा कुठे असेल? ती कुठल्यातरी एका भिंतीला चिकटून बसते. खालच्या भिंतीला चिकटली तर जवळजवळ सगळी पट्टी अधिक. वरच्या भिंतीला चिकटली तर जवळजवळ सगळी उणे. दोन निवडी. म्हणजे सहअस्तित्व. आता तापवत न्या. एका तापमानाला भिंत त्या रेघेला धरून ठेवू शकत नाही. रेघ सुटते. भिंतीजवळ तिच्या आवडीच्या फेजचा जाड थर तयार होतो, भिंत पूर्ण ओली होते. पण दुसरी भिंतही तेच करतेय, उलट बाजूने. दोघींनी दूर लोटलेली रेघ शेवटी मधोमध येऊन तरंगते. वर अधिक, खाली उणे, दोन्ही डोळ्यांना दिसतायत, आणि तरी सहअस्तित्व संपलेलं आहे, कारण आता अवस्था एकच उरली. सरासरी शून्य. माझ्या प्रोग्रॅमने तेच सांगितलं होतं, आणि मी त्याला खोटं ठरवत बसले होते.

पण रुंदी? हा प्रश्न मी लगेच विचारला, आणि आजही या विषयातली मला सर्वात अद्भुत वाटणारी गोष्ट हीच. दोन भिंती एकमेकींपासून मैलभर लांब नेल्या तर मध्यभागाला त्यांची फिकीर कशाला असावी? मधल्या रेघेच्या बाजूने विचार केला की कळतं. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे, दोघांची किंमत सारखी. म्हणजे रेघ दहा घरं वर सरकली काय, शंभर घरं खाली सरकली काय, खर्च काहीच नाही. तिला मध्ये अडवणारं काही नाही. अशा मोकळ्या रेघेला दुरून आलेला कणभर धक्काही पुरतो. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की भिंत तिला जवळ धरते की नाही, आणि तो सर्वस्वी भिंतीपाशी ठरणारा प्रश्न आहे. समोरची भिंत किती लांब आहे याच्याशी त्याचा संबंधच नाही. म्हणून पट्टी कितीही रुंद केली तरी उत्तर २.२७ कडे जात नाही, १.९६ कडेच जातं. ॲन्ड्र्यू पॅरी आणि रॉबर्ट इव्हान्स यांनी १९९० मध्ये हे पहिल्यांदा स्पष्ट मांडलं, आणि १९९५ मध्ये बिंडर, लँडाउ आणि फेरेनबर्ग यांनी तीन मितींच्या पातळ थरांवर सिम्युलेशन करून ताडून पाहिलं.

काटेकोर वाचकासाठी: माझ्या दोन मितींच्या पट्टीत, ती अनंत लांब असेल तर, हे स्थित्यंतर धारदार नसतं, जरा पसरट होतं. पट्टी लांबून बघितली की शेवटी रेषाच, आणि रेषेबद्दल ईझिंग बरोबर होता. खरं, धारदार स्थित्यंतर तीन मितींच्या थरात. रिपोर्टमध्ये मी हे तळटीपेत लिहिलं होतं आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं गेलं.

भिंतींच्या आग्रहाचाही एक हिशेब अब्राहम यांच्या सूत्रात दडलाय. भिंतीची आवड अगदी पुसट ठेवली तर ओलं होण्याचं तापमान २.२६९ ला जाऊन भिडतं. आवड वाढवत नेली की ते खाली खाली येतं, आणि शेजाऱ्याच्या ओढीइतकीच झाली की थेट शून्यावर. म्हणजे उलट स्वभावाच्या दोन हट्टी भिंतींमध्ये सहअस्तित्वाला जागाच उरत नाही, खोली केवढीही असो. यावर आमच्या बॅचमधल्या एकाने सासू-सुनेचा विनोद केला होता. तो मी इथे लिहिणार नाही.

भिंत ओली का होते, याचं मला पटलेलं सर्वात सुंदर उत्तर जॉन कान यांचं, १९७७ मधलं. त्यांचं म्हणणं साधारण असं: क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर दोन फेजमधला फरकच मिटतो ते, जवळ आलं की दोन फेज एकमेकांसारख्या होत जातात, त्यामुळे त्यांच्यामधल्या सीमेची किंमत झपाट्याने शून्याकडे जाते. भिंतीची पसंतीही कमी होते, कारण निवडायला फरकच कमी उरतो, पण ती सावकाश कमी होते. एक किंमत पळत खाली येतेय, दुसरी रमतगमत. कुठेतरी पहिली दुसरीच्या खाली जाणारच. तिथून पुढे भिंतीला थर पांघरणं स्वस्त पडतं. हा तर्क सगळीकडे जसाच्या तसा लागू होत नाही, अपवाद निघाले. पण अशा दोन ओळींच्या तर्कावर पुढे शेकडो लेख उभे राहिले. 'हात दाखवून अवलक्षण' म्हणावं अशी गणितं करत बसलेल्या मला त्या साधेपणाचा हेवा वाटला होता.

आणि एक हेलियमचं. द्रव हेलियम म्हणजे ओलं करण्यातला उस्ताद. अणूंची आपसातली ओढ इतकी क्षीण की समोर येईल त्या पृष्ठभागावर तो पसरतो. सर्वांना वाटायचं, हेलियमला ओलं करता येणार नाही असं काही नसेलच. १९९१ मध्ये गणिताने सुचवलं की सीझियम हा धातू त्याला दाद देणार नाही, आणि लगोलग प्रयोगांत तसंच निघालं: सुमारे दोन केल्विनच्या खाली सीझियमवर हेलियमचे थेंब होतात, वर गेलं की थर. सीझियम हेलियमचं अळू म्हणायचं.

परवा रविवारी जुना प्रोग्रॅम शोधून काढला. ईमेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवला होता, विषय 'फायनल फायनल ३'. दोन ठिकाणी किरकोळ बदल करून चालवला. त्यावेळी जे रात्रभर चालायचं ते चहा गाळेपर्यंत झालं, म्हणून पडद्यावर चित्र दिसेल असं केलं: अधिक काळे, उणे पांढरे. तापमान २.१ ठेवलं, म्हणजे २.२७ च्या खाली पण १.९६ च्या वर. आधी गंमत म्हणून खालच्या भिंतीचं वजाचं चिन्ह काढून टाकलं, दोन्ही भिंतींना अधिकच आवडू दे. पडदा बघता बघता काळा झाला, मध्ये पांढऱ्याचे बारीक शिंतोडे तेवढे. बघण्यासारखं काही नाही.

मग चिन्ह परत घातलं, आणि त्याच काळ्या पडद्यापासून पुढे चालू केलं. खालच्या कडेला पांढरी किनार उमटली. बराच वेळ ती कडेशीच घुटमळत होती, कुठे दोन घरं वर, कुठे परत खाली. मग सगळीकडून सुटली आणि वर चढायला लागली, आधी भराभर, पुढे रेंगाळत. ती मधोमध यायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं, पण तेवढ्यात बेल वाजली. काका आले होते, भिंत किती सुकली ते बघायला.